अपील चालू असताना पक्षकार वारला तर? ९० दिवसांचं हे गणित दुकानदाराला माहीत हवंच



धंदा शिकवणाऱ्या चॅनलवर मरणाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण बघा, जीएसटी, उद्यम नोंदणी, कर्जाची फाइल यावर आपण तासन्‌तास बोलतो. आणि ज्या गाळ्यावर हा सगळा धंदा उभा आहे, त्या गाळ्याची कोर्ट केस कुठल्या कोर्टात आहे, वकील कोण, पुढची तारीख कधी, हे घरात फक्त एकाच माणसाला माहीत असतं. तो माणूस गेला की काय होतं, ते आज सांगतो.

समजा, तालुक्याच्या गावात तुमच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. मालकाने गाळा खाली करून मागितला, दावा लावला आणि खालच्या कोर्टात जिंकला. वडिलांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं, स्टे घेतला, दुकान चालू राहिलं. तीन वर्षं झाली. तारखा पडतायत, वकीलसाहेब सांभाळतायत. आणि एक दिवस वडील गेले.

तेरावं झालं, तुम्ही शटर उघडलं. बँकेत फेऱ्या, जीएसटीची नवी नोंदणी, होलसेलरची जुनी उधारी, लाइट बिलावरचं नाव. या धावपळीत वकिलांना फोन करायचा राहून गेला. सात-आठ महिन्यांनी कोर्टाचा बेलिफ दारात येतो, हातात दरखास्तीची नोटीस. म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मालकाला कब्जा पाहिजे. तुम्ही म्हणता, "अहो, आमचं अपील चालू आहे, स्टे आहे." आणि कळतं की अपील केव्हाच संपलंय. त्याच्यासोबत स्टेसुद्धा.

तुमची बाजू चुकीची आहे असं कुठल्याही न्यायाधीशाने म्हटलेलं नसतं. तुमची बाजू कुणी ऐकलेलीच नसते. वरच्या कोर्टात दाद मागायची जी एक संधी होती, ती तारीख उलटल्यामुळे आपोआप गळून पडली. वकिलांच्या भाषेत याला म्हणतात अपील 'अबेट' झालं.

९० अधिक ६०

हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या ऑर्डर २२ मध्ये आहे. पहिलाच नियम दिलासा देणारा आहे: दाव्याचा हक्क जर मागे उरत असेल, तर पक्षकाराच्या मृत्यूमुळे दावा संपत नाही. गाळा, जमीन, येणं पैसे, करार हे सगळे हक्क माणसामागे उरतात. नियम ११ सांगतो की दाव्याला जे लागू, तेच अपिलाला लागू. वादीच्या जागी अपीलकर्ता धरा, प्रतिवादीच्या जागी ज्याच्याविरुद्ध अपील केलंय तो, म्हणजे रिस्पाँडंट.

फक्त अट एक. मयताच्या जागी त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचा अर्ज मुदतीत झाला पाहिजे. मुदत किती? मुदतीचा कायदा, १९६३, त्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद १२० म्हणतो, मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस. तुम्हाला कळल्यापासून नाही बरं का, मृत्यूपासून. ९० दिवसांत अर्ज नाही झाला की अपील त्या मयत पक्षकारापुरतं अबेट होतं, त्यासाठी कोर्टाने वेगळा हुकूम काढावा लागत नाही. त्यानंतर परिशिष्टातल्या १२१ नुसार आणखी ६० दिवस मिळतात, पण ते वेगळ्या अर्जासाठी: झालेलं अबेटमेंट रद्द करा असं सांगणाऱ्या.

तारखा घालून बघू. मृत्यू १० जानेवारीला झाला. साध्या वर्षात ९० दिवस १० एप्रिलला भरतात. तिथून ६० दिवस धरले तर ९ जून. ९ जूनही गेला तर दार पूर्ण बंद होत नाही, पण मग मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि उशीर का झाला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. पहिल्या ९० दिवसांत जे काम एका साध्या अर्जाने होतं, त्याच कामासाठी पुढे तीन गोष्टी मागाव्या लागतात: वारस लावा, अबेटमेंट रद्द करा, विलंब माफ करा. वर समोरचा पक्ष प्रत्येक मागणीला विरोध करणार, तो खर्च वेगळा.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती सांगतो. दाव्यात वादी वारला आणि वारस आले नाहीत तर वादीचा दावा बुडतो. अपिलात गणित थोडं वेगळं पडतं. अपील संपलं की मागे काय राहतं? खालच्या कोर्टाचा निकाल. म्हणजे कुणीही वारो, अपीलकर्ता वारो किंवा समोरचा वारो, वेळेत वारस लागले नाहीत तर फायदा खाली जिंकलेल्याचा आणि नुकसान अपील करणाऱ्याचं. म्हणून तुमच्या घरातून अपील दाखल असेल तर दोन्ही बाजूंच्या माणसांवर लक्ष ठेवायची जबाबदारी तुमची. स्वतःच्या घरातलं मरण तर कळतंच. समोरच्याच्या घरातलं कळेलच असं नाही.

समोरचा कधी वारला, हे मला कसं कळणार?

योग्य प्रश्न आहे. तुम्ही फर्निचर बनवता, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याकडे पैसे अडकले, वसुलीचा दावा खाली हरलात, अपील केलं. तो व्यापारी त्याच्या गावी वारला. तुम्हाला कोण सांगणार?

कायद्याने एक माणूस नेमलाय: मयताचा वकील. ऑर्डर २२ मधला नियम १०अ १९७६ च्या दुरुस्तीने आला. आपला पक्षकार वारल्याचं कळलं की वकिलाने ते कोर्टाला कळवायचं, आणि कोर्टाने समोरच्या पक्षाला. एरवी पक्षकार वारला की त्याने दिलेलं वकीलपत्र संपतं, पण एवढ्या एका कामासाठी ते चालू आहे असं मानलं जातं. आपल्याकडे यासाठी कोर्टात पुरसिस देतात.

पण वकिलालाच कळलं नसेल तर? इथे सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल महत्त्वाचा आहे, पेरुमोन भगवती देवस्वम विरुद्ध भार्गवी अम्मा. केरळ उच्च न्यायालयातलं दुसरं अपील होतं. कोर्टाने व्यवहार ओळखून एक फरक मांडला. खालच्या कोर्टात दाव्याला ठरावीक दिवसांनी तारीख पडते, पक्षकार येतात-जातात, कुणी वारलं तर कळतं. उच्च न्यायालयात अपील दाखल होऊन मंजूर झालं की ते वर्षानुवर्षं तारखेविना पडून असू शकतं. तेवढ्या काळात अपीलकर्त्याने रोज उठून रिस्पाँडंट हयात आहे का हे तपासत बसावं, अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून मृत्यू खरोखर माहीत नसेल, अपील नुसतं पडून असेल, तर विलंबाकडे कोर्टाने उदारपणे बघावं.

त्याआधी २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या मिठाईलाल दलसांगर सिंग विरुद्ध अन्नाबाई देवराम किणी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंच म्हटलं होतं. अबेटमेंटमुळे माणसाची बाजू गुणदोषांवर ऐकलीच जात नाही, म्हणून ते लावताना काटेकोर राहा आणि रद्द करताना सढळ. अर्जात 'अबेटमेंट रद्द करा' असे शब्द नसतील, फक्त 'वारस लावा' एवढंच असेल, तरी अर्जाचा मथितार्थ बघून ती मागणी त्यात आहे असं धरता येतं.

हे वाचून निवांत होऊ नका. ही उदारता 'माहीतच नव्हतं' अशांसाठी आहे. स्वतःचे वडील वारल्याचं माहीत नव्हतं असं कोण सांगणार? 'अपिलाचं माहीत नव्हतं' असं सांगता येतं, आणि बऱ्याच घरांत ते खरंही असतं, पण ते कोर्टाला पटवून देण्यात वेळ आणि पैसा जातो. तेवढ्यात दरखास्त पुढे सरकत असते.

वारस म्हणजे कोण कोण?

इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. दुकान मोठा मुलगा चालवतो म्हणून अर्जात फक्त त्याचं नाव टाकतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींचीही नावं हवीत. आजी हयात असेल तर तिचंही. वारस अज्ञान असेल तर त्याच्यातर्फे पालक लागतो. मनापासून चौकशी करूनही एखादा वारस राहून गेला, तर जे रेकॉर्डवर आलेत ते मयताच्या मालमत्तेचं प्रतिनिधित्व करतात, असं न्यायालयांनी मानलंय. पण बहिणीचं नाव मुद्दाम गाळणं हे या सवलतीत बसत नाही.

'माझं नाव केसला लागलं तर वडिलांचं कर्ज माझ्या डोक्यावर येईल' ही भीती मी ट्रेनिंगला येणाऱ्यांकडून फार ऐकतो. तसं होत नाही. संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाची जबाबदारी मयताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच. तुमची स्वतःची कमाई त्यात येत नाही. उलट नाव न लावल्याने वडिलांनी लढवलेला हक्क मात्र जातो.

दुसरी गोष्ट, वारसा प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबू नका. ते मिळायला महिने लागतात आणि ९० दिवस कधी संपले कळत नाही. रेकॉर्डवर नाव आणायच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, वय, पत्ते, मयताशी नातं आणि शपथपत्र, एवढ्याने सुरुवात होते. येणं पैसे वसूल करण्याच्या प्रकरणात पुढे हुकूमनामा घेताना प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, ते तेव्हा बघता येईल. आणि सात-बारावर वारस नोंद झाली म्हणून कोर्टातही झाली असं समजू नका. तलाठ्याचं दप्तर वेगळं, कोर्टाचं रेकॉर्ड वेगळं.

भाड्याच्या गाळ्याबाबत आणखी एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये 'भाडेकरू' कोण याची जी व्याख्या आहे, तिच्यात धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला पहिला मान आहे. असा कुणी नसेल तरच इतर वारस. म्हणून वडिलांसोबत तुम्ही दुकानात बसत होतात हे दाखवणारे कागद जपून ठेवा: बिलं, बँकेचे व्यवहार, दुकानाच्या परवान्यावरचं नाव. घरात यावर मतभेद असतील तरी अर्ज सगळ्यांच्या नावाने वेळेत जाऊ द्या. खरा वारस कोण हा वाद कोर्ट नियम ५ खाली ठरवू शकतं, अपील कोर्ट त्यासाठी खालच्या कोर्टाकडून चौकशीही करून घेऊ शकतं. तो निर्णयही फक्त केस कुणी चालवायची एवढ्यापुरता असतो. मालकीचा निवाडा त्यात होत नाही.

समोर पाच भाऊ असतील तर

तुम्ही प्लॉट घेतला, हिस्सेदार पाच भाऊ. वाद झाला, खाली त्या पाचही जणांच्या बाजूने एकच सामाईक हुकूमनामा झाला, तुम्ही अपिलात. पाचांपैकी एक वारला, तुम्ही त्याचे वारस लावले नाहीत. तुम्हाला वाटेल, चार आहेत ना अजून, अपील त्यांच्याविरुद्ध चालेल.

पंजाब सरकारलाही तसंच वाटलं होतं. दोन भावांच्या जमिनीचा मोबदला लवादाने वाढवून दिला, तो निवाडा दोघांचा मिळून होता. सरकारने उच्च न्यायालयात अपील केलं. अपील चालू असताना एक भाऊ वारला आणि त्याचे वारस वेळेत रेकॉर्डवर आले नाहीत. वारलेल्या भावापुरतं अपील अबेट झालं आणि त्यामुळे दुसऱ्या भावाविरुद्धही टिकलं नाही. पंजाब राज्य विरुद्ध नथू राम, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सरकारचं म्हणणं फेटाळलं. कारण सोपं आहे. मयत भावापुरता खालचा निकाल आता कायमचा झाला. जिवंत भावाविरुद्ध वरच्या कोर्टाने उलट निकाल दिला तर एकाच जमिनीबद्दल दोन परस्परविरोधी निकाल होतील. असं होणार असेल तिथे सगळं अपील बुडतं. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा ठरलेला असेल तर बाकीच्यांपुरतं चालू शकतं. तुमच्या केसमध्ये कुठला प्रकार आहे हे वकिलांना आजच विचारा.

मयताचा एखादा वारस आधीपासूनच त्या अपिलात दुसऱ्या नात्याने पक्षकार असेल, तर सहसा अपील वाचतं. पण त्या भरवशावर राहू नका, पुरसिस द्याच.

कधी वारस लावून उपयोग नसतो, कधी गरज नसते

काही हक्क माणसासोबतच जातात. बदनामीची भरपाई मागणारा दावा घ्या. वादी खाली हरला, अपिलात गेला आणि वारला, तर प्रकरण तिथेच थांबतं. तोच वादी खाली जिंकलेला असेल आणि समोरच्याने अपील केलं असेल, तर मिळालेली रक्कम आता त्याच्या मालमत्तेचा भाग झाली, म्हणून वारस ती राखायला उभे राहू शकतात.

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपलाय, फक्त निकाल यायचाय, आणि मध्येच कुणी वारलं, तर नियम ६ प्रमाणे अबेटमेंट नाही. निकाल मृत्यूआधीच लागला असं धरतात.

आणि मृत्यू अपील दाखल व्हायच्या आधीच झाला असेल तर ऑर्डर २२ चा प्रश्नच येत नाही. मेलेल्या माणसाविरुद्ध अपील टाकता येत नाही, ते वारसांविरुद्धच टाकायचं. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवसच असतात, त्यामुळे समोरचा हयात आहे ना ही चौकशी कागद तयार करतानाच करून घ्या.

तुमच्या धंद्याचं रूप काय आहे?

हा आपल्या चॅनलचा नेहमीचा मुद्दा, पण इथे त्याला खरी धार येते. प्रोप्रायटरशिपमध्ये दुकानाचं नाव कितीही झळकत असलं तरी कायद्याच्या नजरेत दुकान म्हणजे तुम्हीच. तुम्ही गेलात की केसला वारस लागणार, ९० दिवसांचं घड्याळ सुरू. भागीदारी फर्मच्या नावाने केस असेल तर ऑर्डर ३०, नियम ४ कामाला येतो: एक भागीदार वारला तरी त्याचे वारस पक्षकार करायची सक्ती नाही. मात्र भागीदारी करारात 'एकाच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही' असं कलम नसेल तर फर्मच विसर्जित होते, आणि दोघांचीच फर्म असेल तर असं कलम असूनही उपयोग नाही, कारण मागे भागीदार एकच उरतो. तेव्हा करारपत्र काढून बघा. एलएलपी आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं सोपं. डायरेक्टर गेला तरी कंपनी जिवंत, अपील जसंच्या तसं.

केवळ यासाठी कंपनी काढा असं मी म्हणणार नाही, वडापावच्या गाडीला त्याची गरज नाही. पण लाखोंचे व्यवहार स्वतःच्या नावावर करत असाल तर सीएशी बोलताना हा प्रश्नही विचारा.

कुलमुखत्यारपत्राबद्दलही गैरसमज आहे. 'वडिलांनी मला पॉवर दिलीय, मी केस बघतो.' देणारा वारला की ती पॉवर संपली. त्या दिवसापासून तुम्ही केसमध्ये मुखत्यार म्हणून उभे राहू शकत नाही, वारस म्हणूनच यावं लागतं.

आज रात्री घरी करायचं काम

वडील, काका, जे कुणी कोर्टाचं बघतात त्यांच्याशेजारी बसा. विषय काढायला अवघड जातं, मान्य. 'तुम्ही गेल्यावर' असं म्हणू नका, 'मला पण शिकवा' म्हणा. प्रत्येक केसचा सीएनआर नंबर लिहून घ्या. १६ आकडी-अक्षरी असतो, तो टाकला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि केसची स्थिती दिसते. त्यासोबत वकिलाचं नाव, मोबाईल, कोण अपिलात गेलंय, समोर कोण कोण आहे आणि त्यांचे पत्ते. समोरच्या गावात ओळखीचा एखादा माणूस असेल तर त्याचंही नाव. ही एक पानी यादी दुकानाच्या गल्ल्यात आणि एक प्रत आईकडे.

आणि वकिलांना तुमचा नंबर द्या. त्यांच्याकडे आज फक्त वडिलांचा नंबर आहे. वडिलांचं सिमकार्ड बंद झालं की त्यांनाही तुम्हाला शोधता येत नाही.

मी वकील नाही. वरची माहिती तुम्ही वकिलांना नेमके प्रश्न विचारावेत म्हणून दिलीय, तुमच्या केसमधला निर्णय त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. घरात नुकतंच कुणी गेलं असेल आणि अपील चालू असेल, तर मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघा, ९० दिवस मोजा आणि दिवस उरले असतील तर अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या. उलटून गेले असतील तरी उद्याच वकिलांकडे जा, कारण विलंब माफीच्या अर्जात तुम्हाला प्रत्येक आठवड्याचा हिशेब द्यावा लागणार आहे.